दशावतारासाठी लेन्स: ३५ की ५०?

कार्तिकात सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम लागतो आणि देवळादेवळांतून रात्रभर दशावतार. इतके दिवस माझं सगळं काम कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिमी झूम लेन्सवर चाललं होतं. ती ५५ वर फार तर एफ ५.६ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). सभामंडपातल्या उजेडात आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० केला तरी शटर १/३० सेकंदाच्या पुढे सरकेना. रिद्धीसिद्धी उभ्या आहेत तोवर ठीक, पण युद्धाचा पखवाज सुरू झाला की तलवारी फराट्यासारख्या. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, गिरकी घेणाऱ्या राजाला नाही. फ्लॅशचं नावच नको. एकदा चमकला की मागून आवाज येतो, "लायट मारू नको रे!" आणि तो रास्तच असतो.

एफ ५.६ वरून २ वर आलं की आठपट उजेड. म्हणजे आयएसओ ३२०० वर उतरवूनही १/१२५ मिळतं. तेव्हा एफ १.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स घ्यायची हे नक्की होतं, अडलं होतं ३५ आणि ५० मिमीमध्ये. सगळे ५० सुचवतात, कारण स्वस्त. पण आपल्या एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर ती ७५-८० सारखी, जास्त जवळची दिसते. पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांच्या मागे जागा मिळाली तर एकट्या संकासुराचा (दशावतारातला राक्षस) चेहरा छान येतो, पण समोरासमोर भिडलेले दोघे चौकटीत बसत नाहीत. जुने फोटो काढून कुठल्या फोकल लेंग्थवर टिपलेत ते पाहिलं, तर बहुतेक तिशी-चाळिशीतले. शिवाय तीन मीटरवर एफ १.८ ला ५० ची फोकसमध्ये स्पष्ट येणारी पट्टी जेमतेम पाव मीटर, ३५ ची अर्धा. नाचणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. ३५ घेतली.

जुनी घेणार असाल तर लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. आपल्या दमट हवेत आत बुरशीचं जाळं धरतं, आणि ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. निकॉनच्या डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर 'एएफ-एस' लिहिलेलीच घ्या; त्या बॉडीत फोकसची मोटर नाही, जुन्या 'एएफ-डी' लेन्सवर हातानेच फोकस करत बसावं लागेल.

आता पूर्ण उघडी न ठेवता एफ २ वर, शटर १/१२५, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, नंतर सुधारता येणारी). संकासुराचा काळा पोशाख पाहून कॅमेरा उगाच उजेड वाढवतो आणि तोंडावरचा रंग पांढरा पडतो, म्हणून मॅन्युअल मोडच बरा. स्वस्त एलईडी माळा असल्या की फोटोत पट्टे येतात. तिथे १/१०० किंवा १/५० वर यावं लागतं, मग युद्धाऐवजी संवादाचे प्रसंग टिपायचे.

पावसाळ्यासाठी झाकणाचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक आणलाय. काटा ४० ते ५० मध्ये राहिला तर पुढच्या नोंदीत सांगतो, किती दिवसांनी जेल तापवावं लागलं ते.