तुम्ही विचारलंत म्हणून: पोलीस नाही, वकील नाही, मग करता काय?

गणपतीला गुहागरला गेलो की आरतीनंतर कोणीतरी विचारतंच, "तू पोलिसात नाहीस, वकील नाहीस, मग गुन्हेगारीवर काम करतोस म्हणजे नक्की काय?" यंदा शेजारच्या काकांनी पुढचंही विचारलं. नातीला यात पडायचंय, पडू द्यावं का?

मी शहरांतल्या मारामाऱ्यांच्या आणि खुनांच्या फिर्यादी वाचतो. कोण, कुठे, किती वाजता, आधी काय घडलं होतं. एफआयआरमधलं एक वाक्य तर पाठच झालंय: "मागील भांडणाचा राग मनात धरून". ते मागचं भांडण शोधणं हेच माझं निम्मं काम. बऱ्याचदा त्याची नोंदच नसते. असली तर दुसऱ्या ठाण्यात, आणि तिथे आजचा जखमीच आरोपी असतो!

पुण्यात कोयता गँगच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा गावात सगळे म्हणाले, कोयते विकायलाच बंदी घाला. अहो, आपल्याकडे प्रत्येक पडवीत कोयता आहे. नारळ सोलायला, कवळ तोडायला. म्हणून रोज खून पडतात का? बांधावरून आपण पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात भांडू, ते वेगळं.

हिंसा शहरभर सारखी पसरलेली नसते. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात १९८९ च्या अभ्यासात दिसलं की पोलिसांना आलेले निम्मे फोन जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरचे होते. म्हणजे अख्ख्या वस्तीची धरपकड करायची गरज नाही, ते थोडेच पत्ते आणि थोडीच पोरं ओळखायची. तिथल्याच बॉस्टनच्या पोलिसांनी १९९६ मध्ये तेच केलं. टोळ्यांतल्या पोरांना समोर बसवलं आणि सांगितलं, पुढची गोळी ज्या टोळीची, तिच्या मागे सगळे लागू. सुटायचं असेल त्याला मदत करू. तरुणांचे खून ६३ टक्क्यांनी घटले. सगळं श्रेय त्याच बैठकांना द्यावं का, यावर अभ्यासक अजून भांडतात.

इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्याच कोकण विभागातली भिवंडी घ्या. १९७० आणि १९८४ ला हिंदू-मुस्लिम दंगलींत होरपळलेली. १९८८ मध्ये तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि त्या भागाचा हवालदार एकत्र बसायचे. विषय काय, तर गटार, नळ, पोरांची भांडणं. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मला अख्ख्या क्षेत्रात याहून मोठं काम दिसत नाही, आणि आपल्याकडे ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता नातीचं. कायद्याची पदवी असली तर उत्तम, नसली तरी चालतं. संख्याशास्त्राशिवाय मात्र अडतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्राचं शिक्षण आहे, आणि तिचाच 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांबरोबर काम करतो. पगार सुरुवातीला बेताचाच, हे काकांना स्पष्ट सांगितलं. कागद फार आणि निकाल उशिरा.

आधी तिला रत्नागिरीच्या कोर्टात रिमांडच्या वेळी आठवडाभर बसू द्या. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहिलेलं पोरगं दिसेल, बाहेर सातबारा हातात धरून उभी असलेली त्याची आई दिसेल. तिथून घरी येऊन ती काय प्रश्न विचारते ते मला कळवा, मग पुढचं बोलू.