वरुणतीर्थाचं पाणी

कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं गांधी मैदान म्हणजे मुळात वरुणतीर्थ तळं. तळं बुजलं, मैदान झालं, आणि पेठेतल्या तालमींची पोरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं फुटबॉल खेळत आली. शाहू स्टेडियमच्या जागीही रावणेश्वराचं तळं होतं. मैदानं राखायच्या कामात हे ऐकून माहीत होतं. वळवाच्या त्या दिवशी गांधी मैदानावर ते हाताला लागलं.

आदल्या संध्याकाळी पाऊस कोसळलेला. सकाळी दोन्ही गोलांसमोर पाणी, दुपारी सामना. पोरं रोलर काढायला निघाली, त्यांना आधी थांबवलं. ओल्या मातीवर रोलर फिरला की ती दाबून बसते, मग पाणी जिरायला वाटच राहत नाही. वाळू फेकायलाही मनाई केली. चिकण मातीत थोडीच वाळू कालवली गेली तर वाळल्यावर ती विटेसारखी घट्ट होते.

गोणपाटानं पाणी टिपून बादलीत पिळलं आणि दोन खड्डे घेतले, प्रत्येकी फूटभर खोल. वरच्या अंगाला चार इंचांवर पहार टणकन वाजली. तो थर फोडला तर खालची माती कोरडी ठणठणीत! पाऊस खाली उतरलाच नव्हता. गोलसमोर कायम एकाच जागी तुडवणूक होते, त्यानं तिथं थर धरला होता.

खालच्या अंगाला मात्र काळा, बोटांना लोण्यासारखा लागणारा गाळ निघाला. खड्डा उपसून बाजूला बसलो तर बाजूंनी पाझरत दहा मिनिटांत पाणी चार बोटं चढलं. हे पावसाचं साचलेलं पाणी नव्हे, जमिनीतूनच येत होतं. शंभर पावलांत दोन वेगळे आजार, आणि वरून दोन्ही डबकी सारखीच दिसत होती. खड्डा न घेता उपाय करणाऱ्यांचे पैसे इथंच बुडतात.

वरच्या गोलसमोर माती वाफशावर, म्हणजे ओल असूनही हाताला चिकटेनाशी, आल्यावर सहा-सहा इंचांवर पहारीची भोकं पाडायची, आठ इंच खोल, म्हणजे थराच्या पार, आणि ती जाड वाळूनं भरायची. खालच्या अंगाला भोकं पाडून काही होत नाही. तिथं दोन फूट खोल चर, तळाशी खडी, त्यात भोकांचा पाइप आणि शंभर फुटांना एक फूट उतार लागतो. त्याआधी लेव्हल नळी, म्हणजे उंची मापायची पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून बघितलं: बाहेरच्या गटाराचा तळ आमच्या चराच्या तळापेक्षा वीतभर उंच! तसाच पाइप जोडला असता तर गटाराचं पाणी उलटं मैदानात आलं असतं. अशा जागी कडेला शोषखड्डाही निरुपयोगी, कारण खालची जमीनच भरलेली असते. टाकी बांधून पंपानं उपसणं, नाहीतर लांबचं खोल गटार गाठणं, हेच दोन मार्ग उरतात.

टाच दाबली की खळगा पाण्यानं भरत होता, म्हणून सामना पुढं ढकलायला सांगितलं. रेघा आखायची पांढरी फक्कीही मारू दिली नाही. ओलीवर तिचे गोळे होतात आणि रेघ फाटते.

खड्डे बुजवताना गाळ तळाला, वरची माती वर, असं चार-चार इंचांचे थर देत धुमसानं, म्हणजे माती ठोकायच्या जड दांड्यानं, ठोकलं. शेवटचा थर बोटभर उंच ठेवला. माती बसते, आणि बसली की तिथंच पुन्हा डबकं होतं.