चौतिसाव्या वर्षी मिळालेला नंबर

माझ्या डाव्या डोळ्याला अक्षर दिसते, पण शब्द वाचता येत नाही. उजवा डोळा तळहाताने झाकून छापील पानाकडे पाहिले की ओळी कुठे आहेत, परिच्छेद कुठे संपतो, शब्द लहान आहे की मोठा, हे सारे मला कळते. मात्र शब्दाच्या मधले अक्षर शेजारच्या अक्षरांमध्ये मिसळून जाते. तेच अक्षर त्याच आकारात कोऱ्या कागदावर एकटे काढून दाखवले, तर पुष्कळदा मी ते ओळखतो. अक्षरांच्या या गर्दीचा त्रास हे आळशी डोळ्याचे ठळक लक्षण मानले जाते. मला नुसते धूसर दिसत असेल, असे लोकांना वाटते. धूसरपणा योग्य भिंगाने जातो. माझ्या डोळ्याच्या रचनेत दोष नाही, दृष्टिपटलही निरोगी आहे, पण त्या डोळ्याकडून येणारे चित्र बारकाईने वाचायला मेंदू लहानपणी शिकलाच नाही.

या विकाराला अँब्लिओपिया म्हणतात आणि साधारणपणे 100 जणांपैकी 2 ते 3 जणांना तो असतो. कुणाला तिरळेपणामुळे होतो, कुणाला जन्मजात मोतीबिंदूमुळे किंवा बाहुली झाकणाऱ्या लोंबत्या पापणीमुळे. माझ्यासारख्या अनेकांना तो दोन डोळ्यांच्या नंबरातील मोठ्या फरकामुळे होतो. माझ्या उजव्या डोळ्याला जवळजवळ नंबर नाही आणि डाव्याला +4.5 आहे. डोळे सरळ असल्यामुळे घरात कुणालाही शंका आली नाही, आणि दोन्ही डोळे उघडे असताना मलाही काही कमी आहे असे कधी वाटले नाही.

चौदाव्या वर्षी एका तपासणीत हे उघड झाले, तेव्हा ‘आता वेळ निघून गेली’ एवढेच सांगण्यात आले आणि डाव्या डोळ्याला नंबरसुद्धा दिला गेला नाही. या उत्तरामागे खरे शास्त्र होते. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा बंद ठेवून दाखवून दिले होते की, जन्मानंतरच्या ठरावीक काळात डोळ्याला पाहायला मिळाले नाही, तर मेंदूतील त्याची जागा दुसरा डोळा घेतो. या दोघांना 1981 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या संशोधनातून निघालेला अर्थ पुढे फार कडकपणे लावला गेला, असे माझे मत आहे. लहान वयात मेंदू अधिक सहज बदलतो हे निर्विवाद. पण त्यानंतर तो मुळीच बदलत नाही, असे नाही. एरवी शाबूत असलेला डोळा अपघाताने किंवा आजाराने गमावल्यावर काही प्रौढांच्या आळशी डोळ्याची दृष्टी आपोआप सुधारल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

रोजच्या जगण्यात उणीव जाणवते ती अंतराच्या, म्हणजे वस्तू किती जवळ-दूर आहे याच्या जाणिवेची. पेल्यात पाणी ओतताना मी तांब्याची कड पेल्याला टेकवतो, सुईत दोरा ओवताना बोटांच्या स्पर्शावर विसंबतो आणि अनोळखी जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपतो. सावली, वस्तूंचे लहानमोठे आकार आणि मान हलवल्यावर जवळच्या वस्तूंचे झपाट्याने सरकणे यांवरून अंतराचा अंदाज येतो, म्हणून बहुतेक कामे अडत नाहीत. वेगाने अंगावर येणारा चेंडू मात्र आजही झेलता येत नाही. शाळेत या गोष्टीला धांदरटपणा म्हणत असत आणि मी ते खरे मानत असे, याचे मला अजून वाईट वाटते.

चौतिसाव्या वर्षी दुसऱ्या एका नेत्रतज्ज्ञांनी डाव्या डोळ्याला पूर्ण नंबर द्यायचे ठरवले. चष्म्याने दोन डोळ्यांतील प्रतिमांचे आकार वेगळे होऊन डोके दुखू लागले, कारण जास्त प्लस नंबरचे भिंग वस्तू मोठी करून दाखवते. कॉन्टॅक्ट लेन्समुळे हा फरक बराच कमी झाला. पहिल्या दिवशी तक्त्यावरील दृष्टी 6/36 होती, म्हणजे निरोगी डोळा 36 मीटरवरून वाचतो ते मला 6 मीटरवरून दिसे; पाच महिन्यांनी ती 6/24 झाली. एवढ्याने वाचन सुधारले असे मी म्हणणार नाही, परंतु वीस वर्षे बंद मानलेले दार थोडे हलले.

चांगला डोळा पट्टीने झाकून आळशी डोळ्याला काम करायला लावण्याचा उपाय जुना आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बुफों यांनी तो 1743 सालीच सुचवला होता. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 13 ते 17 वर्षांच्या, पूर्वी उपचार न झालेल्या मुलांपैकी 47 टक्क्यांच्या दृष्टीत चष्मा आणि पट्टीने ठरलेल्या मर्यादेपर्यंत सुधारणा झाली, तर नुसत्या चष्म्याने 20 टक्क्यांच्या. प्रौढांसाठी इतका भक्कम पुरावा नाही. शिवाय मेंदूने दाबून ठेवलेली प्रतिमा प्रौढ वयात मोकळी झाली आणि डोळे एकत्र काम करू शकले नाहीत, तर कायम दुहेरी दिसण्याचा धोका असतो. म्हणून स्वतःच्या मनाने पट्टी बांधू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दाखवणाऱ्या खेळांविषयी मला मोठी आशा होती. सुरुवातीचे लहान प्रयोग उत्साहवर्धक होते, परंतु 2018 साली मोठी मुले आणि प्रौढ अशा 115 जणांवरील चाचणीत घरी खेळायचा असा खेळ तुलनेसाठी दिलेल्या, उपचार नसलेल्या दिखाऊ खेळापेक्षा सरस ठरला नाही. अमेरिकेत 2021 साली मान्यता मिळालेला हेडसेटवरील उपचार 4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी होता. एखादे अॅप प्रौढांना बरे करण्याची हमी देत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी त्याच वयाच्या लोकांवरील चाचणी मागावी. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेने डोळे सरळ होतात आणि त्यामुळे माणसाला मिळणारा आत्मविश्वास मोलाचा असतो; लेसरने नंबर उतरतो. यांपैकी कशानेही आळशीपणा थेट जात नाही.

सर्वात महत्त्वाची गोष्ट मला कुणी चौदाव्या वर्षी सांगितली नव्हती, ती म्हणजे उजव्या डोळ्याचे रक्षण. त्याला नंबर नसला तरी लेन्सवरून मी पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा चष्मा दिवसभर लावतो, कारण हे भिंग आघाताने सहजासहजी फुटत नाही. ठोकाठोक, कापणे, घासणे अशा कामांच्या वेळी बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा घालतो. दर वर्षी दोन्ही डोळ्यांची पूर्ण तपासणी करतो. मागच्या महिन्यात उजवा डोळा 6/6 होता आणि डावा 6/24 वरच टिकून होता. त्या ओळीतील मधले अक्षर मला दुसऱ्या प्रयत्नात ओळखता आले.