दात काढल्यावर जबड्याचं हाड वाचवायचं तर

वरचा पुढचा दात काढला की पेशंटचं लक्ष असतं दिसणाऱ्या फटीकडे. डॉक्टरचं असायला हवं ओठाकडच्या हाडाच्या भिंतीकडे. ही भिंत बहुतेकांची १ मिमीपेक्षाही पातळ असते आणि तिला रक्त मिळतं ते बरंचसं मुळाभोवतीच्या तंतूंमधून. दात निघाला की तो पुरवठा संपतो आणि भिंत झिजायला लागते. सहा महिन्यांत रुंदी सरासरी साडेतीन-चार मिमीने घटते, उंची एखाद मिमीने. ग्राफ्टने, म्हणजे दाताच्या रिकाम्या खड्ड्यात भरलेल्या हाडाच्या कणांनी, ही झीज कमी होते, पूर्ण थांबत नाही. हे पेशंटला आधीच सांगावं.

खरं हाड वाचतं ते दात काढताना. चिमट्याने दात ओठाकडे वाकवला की भिंत तडकलीच म्हणून समजा. पेरिओटोम (मुळाभोवतीचे तंतू कापणारं पातळ पात्याचं हत्यार) दोन्ही बाजूंनी आणि टाळूकडून सरकवा, ओठाकडून नको. दाढ असेल तर मुळं बरने (ड्रिलच्या कापणाऱ्या टोकाने) वेगळी करा आणि एकेक काढा. हिरडी शक्यतो उचलू नका.

मग खड्डा खरवडा. मऊ, सुजलेला भाग निघून क्युरेट (खरवडायचं चमच्यासारखं हत्यार) हाडावर खरखरायला लागेपर्यंत हात थांबवू नका. जंतुसंसर्ग आत राहिला तर वरचा महागडा ग्राफ्टही वाया जातो. सलाईनने धुवा, प्रोबने (बारीक सळईने) चारही भिंती तपासा. खड्ड्यात ताजं रक्त यायलाच हवं.

ग्राफ्टचे कण ०.२५ ते १ मिमीचे घ्या. पुढच्या दाताला साधारण अर्धा सीसी पुरतो, दाढेला एक सीसीपर्यंत लागतो. सलाईन किंवा पेशंटच्याच रक्तात भिजवला की तो ओल्या रव्यासारखा होतो. थोडा थोडा घालून हलकेच दाबा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: ठासून भरतात. कणांमधल्या फटींतूनच नव्या रक्तवाहिन्या शिरतात. त्या फटी बुजल्या की आत हाड धरत नाही. काठाच्या वरही भरू नका, जास्तीचे कण बाहेरच पडतात.

गाईच्या हाडापासून केलेला ग्राफ्ट वर्षानुवर्षं विरघळत नाही, म्हणून रुंदी चांगली टिकवतो. पण तो कशाचा आहे हे भरण्याआधी विचारून, समजावून मगच वापरा; आपल्याकडे अनेकांना तो चालत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेत तयार होणारं मानवी हाड किंवा कृत्रिम ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे पर्याय आहेतच.

भिंती शाबूत असतील तर वर कोलॅजन प्लग (विरघळणारं स्पंजासारखं बूच) आणि ४-० जाडीच्या धाग्याचा फुलीचा टाका पुरतो. ओठाकडची भिंत फुटली असेल तर मात्र मेम्ब्रेन (ग्राफ्ट झाकणारा पातळ पडदा) हवाच. तो हिरडी आणि हाडाच्या मध्ये, फुटीच्या कडेपलीकडे २-३ मिमी जाईल असा सरकवा. खड्ड्याचं तोंड बंद करायच्या नादात हिरडी ओढू नका, जागची घट्ट हिरडी सरकते.

घरी पहिले २४ तास चूळ नाही, स्ट्रॉ नाही. सिगारेट टाके निघेपर्यंत तरी बंदच, पुढेही सोडलेली बरी. सुरुवातीला दोन-चार कण तोंडात आले तर घाबरू नये. पू किंवा दुर्गंधी आली तर लगेच दाखवावं. तात्पुरत्या दाताचा दाब जागेवर पडता कामा नये. टाके १० ते १४ दिवसांनी, इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम दाताचा स्क्रू) ४ ते ६ महिन्यांनी.

तेव्हाच्या एक्सरेत खड्डा पांढरा दिसला म्हणून हाड तयार झालं असं धरू नका. ग्राफ्टचे कण स्वतःच पांढरे दिसतात. कणांभोवती हाड आलंय की नुसते तंतू, हे ड्रिल आत जाताना हाताला कळतं.