परातीतलं पीठ आणि डब्यातलं पीठ

पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी वर्षानुवर्षं रविवारी चढत आले. दिवाळीनंतरच्या एका रविवारी चाळीसाव्या पायरीलाच बसावं लागलं. छाती धडधडत होती, पाय उचलत नव्हते. आठ तास झोपूनही सकाळी अंग जड असायचं. हिंजवडीहून घरी आले की पर्स ठेवून आडवी. लेक हळूच विचारायची, "आई, आज पण?" तेव्हा फार वाईट वाटायचं.

सगळे म्हणायचे, चाळिशी आली, दगदग होते. मलाही ते पटलं. तपासणीत हिमोग्लोबिन १२.१ आलं. बायकांसाठी १२ च्या खाली रक्तक्षय मानतात, म्हणजे मी काठावर पास. आराम करा, एवढंच ऐकून परत आले आणि सात महिने घालवले.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "पाळी किती दिवस? पॅड किती वेळानं बदलता? गाठी पडतात?" आठ दिवस, दर दोन तासांनी, हो. आईचंही तसंच असायचं, त्यामुळे यात सांगण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं. थायरॉइड, बी १२ ठीक निघालं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, मात्र फक्त ७. डॉक्टरांनी समजावलं, "हिमोग्लोबिन म्हणजे परातीतलं पीठ, फेरिटिन म्हणजे डब्यातलं. तुमचा डबा रिकामा आहे." सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ, दिसला. त्यामुळे पाळीत रक्त जास्त जायचं आणि महिन्याच्या महिन्याला लोह तिकडून वाहून जात होतं.

लोहाच्या गोळ्यांनी पहिले पंधरा दिवस मळमळलं, पोट धरलं. शौचाला काळं झाल्यावर तर मी घाबरलेच, पण गोळीनं तसं होतंच. डॉक्टरांनी गोळी एक दिवसाआड केली, मग सोसली. सगळ्यात कठीण गेलं ते पोह्यांबरोबरचा चहा सोडणं. चहानं अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आता चहा तासाभरानं आणि पोह्यांवर लिंबू भरपूर. रक्तस्राव कमी करणारी गोळी पाळीच्या दिवसांत वेगळी घ्यायची.

दोन महिन्यांत हिमोग्लोबिन १३ झालं. मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाले, डबा भरायला आणखी तीन-चार महिने लागतील, गोळी थांबवू नका. हे त्यांनी बजावलं नसतं, तर मी तेव्हाच सोडली असती.

लेकीची पाळी यंदा सुरू झाली. तारीख आणि पॅड किती लागले, हे आम्ही दोघी एकाच वहीत लिहितो.