बारा चित्रांतला माइल्स

'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' हा 2018 सालचा अ‍ॅनिमेशनपट मी नुकताच पुन्हा पाहिला आणि पहिल्या खेपेला निसटलेली एक गोष्ट या वेळी डोळ्यांत भरली. सेकंदाला 24 चौकटी ही चित्रपटाची रूढ गती. परंतु ब्रुकलिनचा शाळकरी माइल्स मोरालेस स्पायडर-मॅन म्हणून नवखा असेपर्यंत अनेक प्रसंगांत त्याचे एकेक चित्र दोन चौकटींपुरते धरून ठेवले आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम 12 चित्रे. बर्फाळ जंगलात त्याच्यासोबत झोके घेणारा, या कामात मुरलेला दुसरा स्पायडर-मॅन पीटर पार्कर मात्र पूर्ण 24 चित्रांत सरसर पुढे जातो, आणि त्यामुळे माइल्सचे अडखळणे संवादाच्या मदतीवाचूनच जाणवते.

खलनायक किंगपिनला गमावलेली बायको आणि मुलगा परत हवे आहेत. या दुःखाला पटकथेने फारच थोडा वेळ दिला आहे. शेवटच्या हाणामारीतील रंगांचा भडिमारही मला अनावश्यक वाटला (चाळिशीनंतरचे डोळे, दुसरे काय).

याउलट, कोळ्याच्या धाग्यांनी जखडलेला, तोंड बंद असलेला माइल्स आणि बंद दाराबाहेरून त्याच्याशी बोलणारे वडील हा प्रसंग अतिशय संयमाने रंगवला आहे. त्यानंतर तो उंच इमारतीवरून उडी घेतो तेव्हाही त्याची बोटे काचेला चिकटलेलीच असतात, आणि ती काच फुटून तुकड्यांसह त्याच्याबरोबर खाली येते.