तुम्ही विचारलंत म्हणून: वॉर्साच्या जुन्या गावात आमचा एक दिवस

लेकीकडून, पोलंडहून परत आल्यापासून भिशीत, लग्नात, भाजी घेतानासुद्धा एकच प्रश्न येतो. "वॉर्साचं ते जुनं गाव म्हणे सगळं नव्यानं बांधलंय. मग तिथं अख्खा दिवस कशाला घालवलात? त्यापेक्षा क्राकूव बघायचं, ते तरी खरोखरचं जुनं!" उभ्या उभ्या उत्तर देऊन माझं समाधान होत नाही, म्हणून आज बैजवार सांगते.

हो, ते नवं आहे. 1944 च्या ऑगस्टमध्ये वॉर्साच्या लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला आणि 63 दिवस झुंजले. उठाव मोडल्यावर जर्मनांनी घरं जाळली, उरलेली सुरुंग लावून पाडली. जुन्या गावाचा 85 टक्क्यांहून जास्त भाग जमीनदोस्त झाला. आज जिथं लोक कॉफी पीत बसतात तो मधला बाजारचौक 1953 च्या जुलैत पुन्हा खुला झाला. आमच्या यांचा जन्म त्याच वर्षीचा. म्हणजे माझा नवरा आणि तो चौक एका वयाचे.

लेकीनं बजावून सांगितलं होतं, अकराच्या आत राजवाड्यासमोर जाऊन थांबा. त्या राजवाड्याच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. 17 सप्टेंबर 1939 ला हल्ल्यात राजवाडा पेटला तेव्हा ते सव्वाअकराला बंद पडलं. पुढं राजवाडाच उडवून दिला. तो परत बांधायचं 1971 मध्ये ठरलं, मनोरा उभा राहिला, आणि 1974 च्या जुलैत घड्याळ सुरू केलं ते त्याच सव्वाअकरापासून. आता रोज त्या वेळेला मनोऱ्यावरून तुतारी वाजते. आम्ही ऐकली. शेजारी एक शाळकरी पोरांचा घोळका दंगा करत होता, तोही गप्प झाला. यांनी माझा हात धरला. चारचौघांत असा हात धरणारे नव्हेत ते.

राजवाड्यासमोरच्या चौकात झिग्मुंट राजाचा उंच खांब आहे, मूळचा 1644 चा. जर्मनांनी पाडलेला खांब आणि त्याच्याही आधीचा जुना खांब, दोन्ही राजवाड्याच्या कडेला गवतावर आडवे ठेवलेत. फोटो काढणारे सगळे वर बघतात. हे मात्र खाली बसले, तुटलेल्या दगडावरून सावकाश हात फिरवला. चाळीस वर्षं बांधकामखात्यात काढलेला माणूस. दगड दिसला की आधी हात लावणार. "तुकडे टाकून दिले नाहीत गं यांनी," एवढंच म्हणाले.

बाजारचौकातल्या संग्रहालयात आम्ही दोन तास होतो. गाव नेमकं पूर्वीसारखं कसं उभं केलं, हे तिथं समजतं. युद्धाच्या आधी आणि युद्ध चालू असतानाही तिथल्या आर्किटेक्चरच्या शिक्षकांनी आणि पोरांनी जुन्या इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे काढले होते. ते नकाशे वॉर्साबाहेर नेऊन पिओत्रकूव गावच्या मठात लपवले. शिवाय अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या दरबारी चित्रकारानं वॉर्साचे रस्ते खिडक्या-कोनाड्यांसकट रंगवून ठेवले होते. तीही चित्रं पुढं ठेवून बांधलं. विटा ढिगाऱ्यातनं वेचल्या, कमी पडल्या तेव्हा दुसऱ्या शहरांतनं आणल्या. यांचे डोळे भरून आले. "एम.बी. सांभाळली पोरांनी," म्हणाले. एम.बी. म्हणजे मोजमापं लिहायचं मेजरमेंट बुक; बांधकामातल्या माणसाला त्याचं मोल काय असतं, ते चाळीस वर्षं जवळून बघितल्यामुळं मला कळतं.

त्या गावाला कुणी नकली म्हटलं की मला वाईट वाटतं. तिथं कुणी काही लपवत नाही. पाडलेल्या गावाचे फोटो जागोजागी लावलेत. कॅथीड्रलच्या बाहेरच्या भिंतीत जर्मन सुरुंगगाडीचा लोखंडी पट्टा तसाच बसवलाय. युनेस्कोनं 1980 मध्ये या गावाला जागतिक वारशात घेतलं, तेही या पुनर्बांधणीसाठीच.

कॅथीड्रलच्या मागं एक लहानसा चौक आहे, कानोनिया. मध्ये मोठी, तडा गेलेली जुनी घंटा. तिला तीन प्रदक्षिणा घातल्या की मनातलं होतं म्हणतात. आम्ही घातल्या. काय मागितलं ते यांनी विचारलं नाही, मीही नाही.

जेवण तिथल्या दूध-बारमध्ये. नावात दूध असलं तरी ती साधी, स्वस्त खानावळ. बटाटा-पनीर भरलेले पिएरोगी म्हणजे उकडीच्या करंज्याच समजा, वर परतलेला कांदा. चांगले लागले. संध्याकाळी तटालगत उठावातल्या लहानग्या सैनिकाचा पुतळा बघितला. मोठ्या माणसाचं हेल्मेट त्या पोराच्या डोळ्यांवर आलेलं. पायाशी कुणी फुलं ठेवली होती. तिथं मला फार वेळ उभं राहवेना.

तिथनं पुढं थोडं चाललं की माँते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं स्मारक आहे. आपलं कोल्हापूर! 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ आपल्या वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि पोरं. माझी आजी त्यांना बघायला गेली होती. गोऱ्या पोरी मराठीत भाव करायच्या, असं सांगायची. त्यांचा देश जळत होता तेव्हा त्या पंचगंगेकाठी होत्या, आणि त्यांच्यातल्या काही परत गेल्या त्या या मोडलेल्या मुलखात.

मी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढल्या, कोल्हापूरहून नेलेल्या. दोन आम्ही खाल्ल्या, दोन त्या दगडापाशी ठेवल्या.